जळगांव ते पुणें : कोस किती आणि घटका किती?

२०२४ सालीं जळगांवहून पुण्यास विमान जाऊं लागलें, तेव्हांपासून आमच्या भडगांवच्या ओट्यांवर एक नवाच वाद ऐकूं येतो. जळगांव ते पुणें अंतर किती? प्रश्न दिसावयास पहिल्या इयत्तेंतला. पण उत्तरें मात्र चार. नेहमीं आगगाडीनें जाणारे गृहस्थ सांगतात, पावणेपांचशें किलोमीटर. ज्यांच्या दारांत मोटार आहे ते त्यांना हंसतात आणि चारशें म्हणतात. ज्यांचे चिरंजीव एकदां विमानानें येऊन गेले ते म्हणतात, “किलोमीटर कसले मोजतां? एक तास!” आणि या तिघांची समजूत घालावयास बसलेला आमच्यासारखा एखादा जुना शिक्षक पाटी-पेन्सिल घेऊन तीनशें एकोणीस असा आंकडा काढून दाखवितो. गंमत अशी कीं यांतील एकही उत्तर खोटें नाहीं.

हा वाद केवळ करमणुकीचा असता तर या सदराचीं पानें त्यासाठीं अडविलीं नसतीं. परंतु आमच्या भागांतील कितीतरी घरांची आज अशी स्थिति आहे कीं, आईबाप गिरणाकांठीं आणि मुलगे-सुना पुण्यास. घर एकच, चूल मात्र दोन ठिकाणीं. अशा घरांत ‘पुणें आतां एका तासावर आलें’ हें वाक्य नुसतें बोलण्यापुरतें राहत नाहीं. त्यावर निर्णय होऊं लागतात. ऐशीच्या घरांतील वडिलांजवळ रात्रीं निजावयास कोणी ठेवावें कीं नाहीं, थोरल्यानें बदली मागून घ्यावी कीं नाहीं, म्हातारीला पुण्यास हलवावें कीं तिचें अंगण तिला राहूं द्यावें, या सर्व प्रश्नांच्या तोंडावर तो ‘एक तास’ आणून ठेवण्यांत येतो. म्हणून तो तास एकदां नीट मोजून पाहणें जरूर आहे.

प्रथम आकाशांतील अंतर घेऊं. कारण तेंच एक असें आहे कीं जें कोणाच्या सोयीगैरसोयीनें बदलत नाहीं. जळगांवचें विमानतळ सुमारें २० अंश ५८ कला उत्तर अक्षांशावर व ७५ अंश ३८ कला पूर्व रेखांशावर आहे. पुण्याचें लोहगांव येथील विमानतळ १८ अंश ३५ कला व ७३ अंश ५५ कला यांवर. म्हणजे पुणें हें जळगांवच्या दक्षिणेस २ अंश २३ कला आणि पश्चिमेस १ अंश ४३ कला आहे. पृथ्वीचा परिघ ठोकळ मानानें ४०,००० किलोमीटर धरला तर दक्षिणोत्तर एका अंशास १११ किलोमीटर पडतात. पूर्वपश्चिम अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावें तसे आंखूड होत जातात; आपल्या पट्ट्यांत ते साडेएकशेंचार किलोमीटरांच्या आसपास भरतात. गुणाकार केला कीं काटकोन त्रिकोणाची एक बाजू २६४ आणि दुसरी १७९ किलोमीटर येते. त्यांचे वर्ग ६९,६९६ आणि ३२,०४१, बेरीज १,०१,७३७, आणि वर्गमूळ ३१९ ला केसभर कमी. पृथ्वीचा गोलावा एवढ्याशा अंतरांत फारसा आड येत नाहीं, म्हणून हा घरगुती हिशेब पुरेसा आहे. घरांतील आठवी-नववीच्या मुलांकडून तो एकदां करवून घ्यावा. ‘भुजकोटिकर्णाचा व्यवहारांत काय उपयोग?’ असें विचारणारीं मुलें आम्हीं जन्मभर पाहिलीं. त्यांना उत्तर द्यावयास याहून चांगलें उदाहरण त्या वेळीं आमच्याजवळ नव्हतें.

आणि हें उदाहरण खानदेशांत बसून सोडवावें यांत एक औचित्यहि आहे. ज्यांच्या लीलावतींतून हा भुजकोटिकर्णाचा नियम आपल्याकडील पिढ्यानपिढ्या शिकल्या, त्या भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा व त्यांचा सिद्धांतशिरोमणि ११५० चा. त्यांच्या जन्मगांवाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण त्यांचे नातू चांगदेव यांनीं भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं एक मठ स्थापन केला, आणि त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें देवळांत आहे, याविषयीं मात्र वाद नाहीं. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. पाटणादेवीस पावसाळ्यांत सहलीला जाणाऱ्या आमच्या मंडळींपैकीं किती जण धबधबा पाहून परततात आणि किती जण त्या लेखापाशीं क्षणभर उभे राहतात, हें विचारण्याचा मोह आवरतों.

याच आचार्यांनीं गोलाध्यायांत पृथ्वीचा परिघ कसा मोजावा तें सांगितलें आहे. दक्षिणोत्तर रेषेवरचीं दोन गांवें घ्यावींत, त्यांच्या अक्षांशांतील फरक काढावा, मधलें अंतर मोजावें, आणि त्रैराशिक मांडावें. आपण आज तेंच त्रैराशिक उलट बाजूनें मांडलें. त्यांना अंतरावरून परिघ हवा होता, आपणांस परिघावरून अंतर. पूर्वपश्चिम फरकास आपले ज्योतिषी देशांतर म्हणत आणि तें उज्जयिनीच्या रेषेपासून मोजीत. त्या हिशेबानें जळगांव व पुणें यांच्यांत सतरा पळांचें देशांतर आहे, म्हणजे घड्याळाचीं जवळजवळ सात मिनिटें. जळगांवास मध्यान्ह झाल्यावर सात मिनिटांनीं तो पुण्यास होतो. सूर्यास सात मिनिटें लागतात तेथें विमानास तास लागतो, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे विमानाच्या वेगाचा फार गर्व होणार नाहीं.

३१९ किलोमीटर म्हणजे १९८ मैल, आणि आपला देशी कोस दोन मैलांचा धरला तर नव्याण्णव कोस. शंभरास एक कमी. कोस प्रांतोप्रांतीं लहानमोठा असे हें खरें, पण हें माप आमच्या आजोबांच्या पिढीला समजणारें होतें. बैलगाडीनें दिवसास आठदहा कोस झाले म्हणजे मजल चांगली झाली असें मानीत. म्हणजे सरळ रेषेनें जातां आलें असतें तरी दहाबारा दिवस. आणि सरळ रेषेनें तर कोणालाच जातां येत नसे, कारण मध्यें अजिंठ्याची रांग आडवी पडली आहे.

भूमीवरील वाटा वांकड्या कां, याचें कारण ही डोंगरांची रांगच. आगगाडीची वाट पाहा. जळगांवहून निघालेली गाडी पाचोरा, चाळीसगांव करीत नैर्ऋत्येकडे मनमाडास जाते, म्हणजे डोंगर ओलांडावयास सोयीची जागा मिळेपर्यंत त्याच्या कडेकडेनें चालते. मग मनमाडास दक्षिणेकडे वळून अहिल्यानगरावरून दौंडास उतरते. आणि दौंडास पोंचल्यावर पुणें गांठण्यासाठीं पश्चिमेकडे शहात्तर किलोमीटर जावें लागतें. असा हा मोठा वळसा पावणेपांचशें किलोमीटरांचा होतो, आणि गाडीप्रमाणें आठ ते दहा तास घेतो. ही आमची मुंबईची लोहवाट जुनी आहे. थळघाट १८६५ सालीं खुला झाला आणि १८६७ सालीं भुसावळहून नागपुरापर्यंत गाडी गेली. त्या वेळीं ज्यांनीं वाट आंखली त्यांच्या डोळ्यांपुढें मुंबई बंदर आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस होता. पुण्याच्या नोकऱ्या नव्हत्या. म्हणून जळगांव-मुंबई हें रेल्वेचें अंतर ४२० किलोमीटर, आणि पुणें मात्र त्याहून लांब! नकाशावर पुणें मुंबईपेक्षां आम्हांस जवळ आहे हें कित्येकांस सांगूनहि पटत नाहीं, त्याचें कारण हें.

सडकेची वाट आगगाडीहून धीट. ती चाळीसगांवाच्या पुढें आउट्रम घाटानें, म्हणजेच कन्नडच्या घाटानें, डोंगराच्या छातीवरून चढते आणि छत्रपति संभाजीनगर व अहिल्यानगर करून पुण्यास उतरते. ज्या जेम्स आउट्रमचें नांव घाटास पडलें, त्यानें इंग्रजी अमलाच्या आरंभीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभी केली होती. घाट देखणा खरा, पण पावसाळ्यांत लहरी. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगांवीं पूर आला, त्याच वेळीं या घाटांत दरडी कोसळून वाट बंद झाली होती. या वाटेच्या शेवटच्या टप्प्याचें आणखी एक महत्त्व आहे. आपल्या एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं धांवली ती पुणें आणि अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, यांच्या दरम्यान. आज त्या सडकेनें रात्रीं झोंप काढीत येणाऱ्या आमच्या मुलांस हें ठाऊक असावें.

आतां विमानाकडे वळूं. या लहान वाटांवर बहुधा ए. टी. आर. जातीचें, दोन पंख्यांचें, सत्तरएक आसनांचें विमान चालतें. जळगांवची धांवपट्टी आंखूड असल्यामुळें असेंच विमान तेथें सोयीचें पडतें. मोठीं जेट विमानें तेथें उतरविणें अवघड. ए. टी. आर. चा वेग ताशीं पांचशें किलोमीटरांच्या आसपास. मग ३१९ किलोमीटरांस अडतीस मिनिटेंच लागावयास हवींत, तास कां लागतो? याचें उत्तर असें कीं, विमान सुटण्याची म्हणून जी वेळ छापतात ती जागेवरून हलण्याची असते, आणि पोंचण्याची वेळ ती चाकें पुन्हां पूर्ण थांबण्याची. मधल्या काळांत धांवपट्टीपर्यंत रांगत जाणें, वर चढतांना कमी वेगानें चालणें, उतरण्यापूर्वीं वेग मोडणें, आणि लोहगांवास लष्करी व मुलकी विमानांची एकत्र गर्दी असल्यामुळें प्रसंगीं आकाशांतच रांग धरून घिरट्या घालणें, एवढें सगळें येतें. शिवाय विमानें नेमलेल्या आकाशमार्गांनीं जातात. ते मार्ग आपल्या कर्णासारखे सरळ नसतात. अडतीसाचा तास होतो तो असा. तास म्हणजे अडीच घटका. दहाबारा दिवसांची वाट अडीच घटकांत, हें नवल नाहीं असें कोण म्हणेल?

नवल आणखीहि एक आहे. जळगांव ते लोहगांव अशी सरळ रेषा नकाशावर काढली तर ती पाचोऱ्याच्या जवळून जाते, कन्नडच्या माथ्यावरून डोंगर ओलांडते, गोदावरी पार करून श्रीरामपुरावरून पुण्याकडे उतरते. आमचें भडगांव त्या रेषेच्या पश्चिमेस जेमतेम सतरा किलोमीटरांवर राहतें. आकाश स्वच्छ असेल आणि उजव्या हाताची खिडकी मिळाली असेल तर उड्डाणानंतर थोड्याच वेळांत गिरणेचें वळण दिसावें. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून श्रीराम सीतेस खालचा समुद्र, वनें, पंचवटी, नद्यांचे संगम एकेक करून दाखवीत येतात. तो सर्ग ज्यांनीं वाचला असेल त्यांनीं या तासाभरांत डोळे मिटून बसूं नये. कित्येक शतकांपूर्वींचा तो कवि जमिनीवर बसून तें वर्णन करूं शकला, आणि आम्ही खिडकीशीं बसून कपाळावर रुमाल ओढून घेतों.

पण येथेंच भडगांवकराची अडचणहि ध्यानांत येते. पुणें आम्हांस नैर्ऋत्येस; आणि विमानतळ ईशान्येस, जळगांव शहराच्याहि पलीकडे कुसुंब्याकडे. म्हणजे पुण्याकडे पाठ करून साठपासष्ट किलोमीटर उलट जावयाचें, आणि मग विमानांत बसून दहा मिनिटांत पुन्हां आपल्याच गांवाच्या शेजारून पुढें जावयाचें! उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत वेळ मांडून पाहूं. घरून विमानतळापर्यंत दीड तास; तेथें तपासणीसाठीं आधीं पोंचणें दीड तास; आकाशांत एक तास; उतरून सामान हातीं येईपर्यंत अर्धा तास; आणि लोहगांवाहून कोथरूडपर्यंत, पुण्याच्या आजच्या गर्दींत, एक ते सवा तास. बेरीज पावणेसहा तास. याउलट भडगांवहून मोटारीनें चाळीसगांव-कन्नड मार्गें पुणें साडेतीनशें ते पावणेचारशें किलोमीटर. जेवणखाण धरून सात ते आठ तास. म्हणजे ज्या विमानानें ‘एक तास’ लागतो म्हणून सांगतात, तें भडगांवच्या माणसाचे फार तर दोन तास वांचवितें. जळगांव शहरांत राहणाऱ्याचा फायदा याहून मोठा, कारण त्याचें विमानतळ पंधरावीस मिनिटांवर. म्हणून जळगांवच्या व्याह्यांनीं सांगितलेला हिशेब भडगांवच्या विहिणीनें जसाचा तसा घेऊं नये. कजगांव, चाळीसगांवकडच्या मंडळींस तर हा फायदा जवळजवळ शून्यावर येतो.

ही बेरीजसुद्धां विमान आहे असें धरून झाली. तें असतेंच असें नाहीं. जळगांवच्या नव्या विमानतळाचें उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजीं त्या वेळच्या राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें झालें, त्या जळगांवच्याच. परंतु इमारत उभी राहिली तरी नियमित विमान यावयास आणखी पांच वर्षें लागलीं. केंद्र सरकारनें २०१६ मध्यें ‘उडान’ योजना काढली. तिचें सूत्र असें कीं, तासाभराच्या उड्डाणाचें भाडें कांहीं आसनांपुरतें अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून द्यावयाचें, आणि कंपनीस येणारी तूट ठराविक मुदतीपर्यंत सरकारनें भरून काढावयाची. त्या योजनेखालीं डिसेंबर २०१७ मध्यें मुंबई-जळगांव हें एकोणीस आसनांचें विमान सुरू झालें आणि लवकरच बंद पडलें. सप्टेंबर २०१९ मध्यें दुसऱ्या कंपनीनें अहमदाबाद व मुंबई जोडली. २०२२ च्या आरंभीं त्या कंपनीचीं उड्डाणेंच थांबलीं. २०२४ मध्यें तिसरा डाव मांडला गेला. गोवा, हैदराबाद, पुणें, मुंबई अशीं नांवें जळगांवच्या फलकावर लागलीं.

यांत कोणाचा दोष काढण्याचा हेतु नाहीं. सत्तर आसनांच्या विमानांत चाळीसच माणसें बसलीं तर इंधन कांहीं त्या प्रमाणांत कमी जळत नाहीं. सरकारी आधाराची मुदत संपली कीं त्या वाटेनें आपल्या पायांवर उभें राहावयाचें असतें, आणि लहान गांवांच्या वाटा तेथेंच डगमगतात. आगगाडीचें तसें नाहीं. रूळ एकदां पडले म्हणजे ते उचलून कोणी दुसऱ्या गांवास नेत नाहीं. विमानाची वाट मात्र एका पत्रकानें उठते. घराचा निर्णय करतांना, म्हणजे वडिलांस एकटें ठेवावें कीं नाहीं अशा पांच-दहा वर्षांच्या निर्णयांत, तीनदां उठलेल्या-बसलेल्या वाटेवर भार टाकणें कितपत योग्य, याचा ज्याचा त्यानें विचार करावा. आमचें मत विचाराल तर तें स्पष्ट आहे : ‘मुलगा एका तासावर आहे’ हें वडिलांजवळची सोबत काढून घेण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

आमच्याच तालुक्यांतील एका घरची हकिकत सांगतों. वडिलांस दिवेलागणीच्या वेळीं अर्धांगाचा झटका आला. पुण्यास दोन मुलगे. थोरल्यानें दुसऱ्या दिवशींच्या विमानाचें तिकीट काढलें आणि रात्र पुण्यांतच काढली. त्याचा हिशेब असा कीं सकाळीं निघून दुपारपर्यंत पोंचूं. धाकटा व त्याची पत्नी रात्रीं नऊच्या बसनें निघालीं आणि पहांटे चाळीसगांवीं उतरून सूर्योदयापूर्वीं घरीं आलीं. वडील तोंवर शुद्धीवर होते. शब्द स्पष्ट नव्हते तरी माणूस ओळखत होते. सुनेच्या हातून त्यांनीं चमचाभर पाणी घेतलें. दुसऱ्या दिवशींचें विमान हवेमुळें रद्द झालें. थोरला भाड्याची मोटार करून संध्याकाळीं पोंचला, तेव्हां वडील श्वास घेत होते इतकेंच. विमान कोणाचें होतें हें सांगण्यांत अर्थ नाहीं. ढग कोणाच्या हुकमांत नसतात. आणि थोरल्या मुलाची मायाहि कमी नव्हती. उलट लवकर पोंचावें याच तळमळीनें त्यानें महागाचें तिकीट घेतलें. त्यानें वेग मोजला, तो बरोबर मोजला. निघण्याची वेळ मात्र त्यानें मोजली नाहीं. आजारपणाची हांक आली असतां जें वाहन आधीं निघतें तें बहुधा आधीं पोंचतें. दिवसांतून एकच, किंवा आठवड्यांतून कांहीं दिवसच उडणाऱ्या विमानापेक्षां तासाभरांत सुटणारी रखडती बस कितीतरी जलद ठरते.

असें असलें तरी विमानास नांवें ठेवावयाचीं नाहींत. त्याचें खरें काम वेगळें आहे. गुडघे धरलेल्या, कंबर दुखणाऱ्या वृद्ध स्त्रीस मोटारींत आठ तास बसणें ही शिक्षाच असते. तिची सर्वांत मोठी अडचण ती बोलूनहि दाखवीत नाहीं : वाटेंत स्वच्छ शौचगृह मिळेल कीं नाहीं, या धास्तीनें ती आदल्या दिवसापासून पाणी कमी पिते, आणि पोंचल्यावर दोन दिवस आजारी पडते. अशा आजींस विमानाचा तास म्हणजे खरोखरीच उपकार. एस. टी. नें २०२२ सालीं पंचाहत्तरीवरील वृद्धांस मोफत प्रवास दिला आणि २०२३ सालीं स्त्रियांचें भाडें निम्म्यावर आणलें. या सवलतींनीं पुष्कळ घरांच्या भेटी वाढल्या. पण फुकटची गाडी दुखऱ्या गुडघ्यांस मऊ होत नाहीं.

मात्र वृद्धांस विमानानें नेतांना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली प्रकृतीची. विमानाच्या आंतील हवेचा दाब जमिनीइतका राखलेला नसतो. तो फार तर आठ हजार फूट उंचीवर असावा तितकाच राहील अशी व्यवस्था असते. आपलें सर्वांत उंच शिखर कळसूबाई तेंहि साडेपांच हजार फुटांच्या आंतलें. निरोगी माणसास याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्यांस दम्याचा किंवा हृदयाचा जोराचा विकार आहे, किंवा ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय तिकीट काढूं नये. दुसरी गोष्ट चालण्याची. विमानतळावर चालणें व ताटकळणें पुष्कळ असतें. चाकाची खुर्ची तिकीट काढतांनाच मागून ठेवावी. ती मागण्यांत कमीपणा वाटून घेणाऱ्या आजी-आजोबांची समजूत नातवंडांनीं घालावी, मुलांचें ते ऐकत नाहींत. ओळखपत्र मूळ असावें आणि त्यावरील नांव व तिकिटावरील नांव एकच असावें. जुन्या स्त्रियांच्या बाबतींत माहेरचें नांव एका कागदावर आणि सासरचें दुसऱ्यावर, असा घोळ फार आढळतो.

आतां बोळवणीच्या पिशवीविषयीं, कारण त्याशिवाय खानदेशचा प्रवास पुरा होत नाहीं. लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, हीं हातांतल्या पिशवींत ठेवलीं तर तपासणीच्या ठिकाणीं काढून घेतलीं जाण्याची शक्यता मोठी. तीं नीट बांधून मोठ्या सामानांत द्यावींत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरींच राहूं द्याव्या. त्यांत तेल पुष्कळ असल्यामुळें विमानाच्या नियमांत त्यांची गणना पेट घेणाऱ्या वस्तूंत होते, हें ऐकून आमच्या घरांतील मंडळी बराच वेळ हंसत होती. बिबडे, पापड, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांस कोणाची हरकत नाहीं, हरकत वजनाची. लहान विमानांत सामानाची मर्यादा सामान्यतः पंधराएक किलोंची असते, आणि आखाजीस माहेरीं आलेल्या लेकीचें परतीचें सामान तेवढ्यांत मावल्याचें आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

आखाजीचें नांव निघालें म्हणून एक सांगतों. पुण्यास असलेल्या लेकी पूर्वीं वर्षांतून एकदां येत, आणि येत तेव्हां पंधरा दिवस राहत. आतां दोनतीनदां येतात आणि दोन दिवसांनीं जातात. त्या येतात कशानें हा प्रश्न दुय्यम. रजा किती मिळते यावर सारें ठरतें. वाट एका तासाची झाली म्हणून कचेरीनें एक दिवस अधिक दिला असें कोठें ऐकिवांत नाहीं.

शेवटीं एक कामाची सूचना. प्रत्येक घरानें कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवून ठेवावा. पाचोरा, कजगांव व चाळीसगांव येथून पुण्याकडे आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या कोणत्या वेळीं सुटतात. पुण्याहून इकडे येणारी शेवटची रात्रीची बस कोणती. अडल्या वेळीं मोटार घेऊन येईल असा गांवांतला भरंवशाचा माणूस कोण. विमान कोणत्या वारीं व किती वाजतां. आणि जवळच्या मोठ्या इस्पितळाचा दूरध्वनि, एवढें त्यावर ठळक अक्षरांत असावें. असाच एक कागद पुण्याच्या घरींहि असावा, आणि दोन्ही कागदांवर तारीख घालावी. दर सहा महिन्यांनीं ते ताडून पाहावेत. गाड्यांच्या वेळा शाईनें लिहिल्या तरी चालतील. विमानाची ओळ मात्र पेन्सिलीनें लिहावी.